पाठवणीची गाडी

“दरवेळी लग्न आटोपल्यावर येता,” गजेंद्र म्हणाला. “यंदा आधीच कसे काय आले?”

त्याने गाडीच्या दारात चपटी पट्टी खुपसली होती आणि आतलं पॅड हलक्या हाताने सोडवत होता. टक् टक् करत प्लास्टिकची एकेक क्लिप सुटत होती. उन्हाने कडक होऊन पिवळी पडलेली एखादी मधेच मोडायची. शेजारी स्टुलावर बसलेला गुणवंता प्रत्येक आवाजाला डोळे मिटून घेत होता, जसा काही त्याचाच दात उपटला जातोय.

“पूनमचं लग्न हाय,” तो म्हणाला. “आमच्या शेजारच्या सुरेशची पोरगी. साऱ्या क्लिपा नव्या टाक. नाही मोडल्या त्याही बदलव. गाडीचा आवाज नाही आला पाहिजे.”

गुणवंता तिगावचा. पांढुर्ण्याच्या मंडीत कापसाच्या काट्यावर त्याने सगळी नोकरी काढली आणि रिटायर व्हायच्या आधी ही पांढरी गाडी जुनीच विकत घेतली. घेतली त्याच उन्हाळ्यात गावातल्या एका मुलीच्या पाठवणीला ठरवलेली जीप आली नाही, वऱ्हाड खोळंबलं, म्हणून हा गेला. तेव्हापासून गावाने गृहीतच धरलं. कुणाची का मुलगी असेना, सासरी जायची ती गुणवंताच्या गाडीतून. भाड्याचं नाव काढलं की तो चिडायचा, त्यामुळे ते नावही कुणी काढेनासं झालं.

गाडीची मात्र दरवेळी दशा व्हायची. फुलवाला दोऱ्या ओवायचा बंपरच्या फटीतून आणि दाराच्या पट्ट्यांखालून, आणि मुलाकडची पोरं ती फुलं ओढून काढायची. दोरीबरोबर क्लिपा निघायच्या. मग बंपर एका बाजूने लोंबायचा, दाराचं पॅड खडखडायचं, आणि गुणवंता पुढच्या आठवड्यात गजेंद्रच्या दुकानी हजर. गजेंद्र गाडीकडे न बघताच विचारायचा, “कोणाची पोरगी गेली?”

गुणवंताला आणि वच्छलाला एकच मुलगा, केतन. तो इंदूरला असतो. मुलगी नाही म्हणून गुणवंताने कधी कपाळाला हात लावला नाही. पण मुली सासरी जातानाचं रडणं गावात सगळ्यात जास्त कुणी ऐकलं असेल तर यानेच, तेही रस्त्यावरची नजर न काढता. आणि पूनमची गोष्ट निराळी. ती लहानपणापासून या गाडीत पडलेली असायची. कुणाचीही पाठवणी असो, नवरी मागे आणि ही पुढच्या सीटवर. “काकाजी, माह्या लग्नात तुम्ही हॉर्न वाजवत न्याचं बरं,” असं तिने त्याला फ्रॉकात असताना बजावलं होतं. त्यानेही मान हलवली होती, आणि गुणवंताने मान हलवली म्हणजे ते काट्यावर चढलं, पक्कं झालं.

गजेंद्र बंपरच्या क्लिपा बसवू लागला तसं गुणवंताला राहवलं नाही. “आण, एक मी दाबतो.”

“आधी भोकात नीट बसू द्या, मंग मधली खुटी दाबा,” गजेंद्र म्हणाला. “भोक चुकलं अन् जोर केला, का मोडलीच समजा.”

गुणवंताने एक बसवली, मग दुसरी, मग गजेंद्रला बाजूला सारून सगळीच बाजू बसवली. उरलेल्या क्लिपा गजेंद्रने कागदात बांधून गाडीतल्या समोरच्या कप्प्यात टाकल्या. परतताना गाडी इतकी गप्प होती की याने दोनदा इंजिन चालू आहे ना याची खात्री केली. असा आनंदी माणूस त्या दिवशी पांढुर्ण्याच्या रस्त्यावर दुसरा नसेल.

संध्याकाळी सुरेश आला. तो कुंपणापाशीच उभा राहिला आणि बराच वेळ संत्र्याच्या झाडांना पाणी पुरत नाही यावर बोलला. तेव्हाच वच्छलाने ओळखलं की याला दुसरंच काही बोलायचं आहे.

“गुणवंता भाऊ,” सुरेश शेवटी म्हणाला, “मोहगाववाले व्याही गाडी घेऊन येऊन राहिले. जवाई उभा राहते न वरून, छत उघडते तशी काळी गाडी. मंगेशरावच्या दोस्ताची हाय. पोट्ट्यायले व्हिडिओ काढाचा हाय म्हणे. मी म्हटलं आमच्या गावात अशी अशी रीत हाय. पण मुलाकडचे लोकं. किती ताणाव?”

“हो, हो,” गुणवंता म्हणाला. “काही हरकत नाही.”

“तुम्हाले वाईट तं नाही वाटलं?”

“काहाले वाटन? नवी गाडी हाय. पोरीले एसी लागन.”

सुरेश सुटल्यासारखा गेला. गुणवंताला वाईट वाटलं होतं, आणि भरपूर वाटलं होतं. त्या रात्री त्याने जेवताना दोनदा मीठ मागितलं आणि दोन्ही वेळा घेतलं नाही.

“रुसून बसले काय नवरदेवावानी?” वच्छलाने विचारलं.

“मी काहाले रुसू?”

“मंग वरण खा. थंडं होऊन राहिलं.”

लग्नाच्या दिवशी त्याची गाडी दही आणायला गेली, बर्फ आणायला गेली, आणि ऐन पाठवणीच्या वेळी कुणाच्या तरी दोन म्हाताऱ्या आत्यांना स्टेशनवर सोडायला गेली. ती वेळ त्याला कुणी दिली नव्हती. त्याने स्वतः आत्यांना घाई केली होती आणि त्या बिचाऱ्या हातातला लाडू खातच गाडीत बसल्या होत्या. तो परत आला तेव्हा मांडवात खुर्च्या रचणं चाललं होतं. वच्छलाचे डोळे सुजले होते. “पोट्टी तुम्हाले पाहून राहिली होती इकडे तिकडे,” ती म्हणाली. क्लिपा शाबूत असलेली गाडी त्याने अंगणात लावली आणि तिच्यावर चादर टाकली.

मांडवपरतणीला मुलीला माहेरी आणायचं असतं. सुरेशचा मुलगा रोशन मोटारसायकलने जाणार असं ठरलं होतं. आदल्या सकाळी गुणवंताचा फोन वाजला.

“काकाजी, मले न्याले कोण येऊन राहिलं?” पूनम विचारत होती. आवाज एवढा बारीक होता की तिच्या मागे माणसं असावीत.

“रोशन येते न.”

“रोशनच्या फटफटीवर माह्या बॅगा कुठी बसन?”

“मंग एखादी गाडी सांगतो मी सुरेशले.”

“तुमची काय झाली?” पूनम म्हणाली. मग थोडी थांबून, “तुम्ही या न काकाजी.”

त्याने चादर काढली. मग गाडी धुतली. धुतलेली गाडी वच्छलाने येऊन पाहिली आणि पुन्हा धुवायला लागलेल्या नवऱ्याच्या हातातून फडकं काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सौसरच्या पुढे गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की एवढ्या वर्षांत आपण सासरच्या दिशेने रिकामी गाडी कधी नेलीच नाही. दरवेळी भरलेली न्यायची, रिकामी आणायची. आज उलटं होतं. शर्ट इस्त्रीचा होता, आणि त्याला हसू येत होतं.

मोहगावात मंगेशच्या घरासमोर ती काळी गाडी उभी होती आणि तिच्या बंपरचं एक टोक जमिनीला टेकलं होतं. फुलवाल्याने इथेही आपली कला दाखवली होती. नवरदेव मंगेश उकिडवा बसून बंपर सुतळीने बांधत होता. दोस्ताला संध्याकाळी गाडी परत द्यायची होती आणि मंगेशचा चेहरा पार उतरला होता. गुणवंताला पाहून तो गडबडीने उठला. त्याने लग्नात याला पाहिलं होतं, पण दह्याच्या बादल्यांसोबत.

“गाडी तिकडे सावलीत लावा,” तो म्हणाला. “ड्रायव्हरसाठी चहा मागच्या बाजूले हाय.”

गुणवंताला यात वावगं वाटलं नाही. इतकी लग्नं झाली, पाठवणीच्या गावी त्याचं ताट ड्रायव्हरांच्या पंगतीतच वाढलेलं असायचं, आणि जेवणही बरं असायचं. त्याचं लक्ष सुतळीवर होतं.

“सुतळी नका बांधू, जवाईबापू,” तो म्हणाला. “कलर घासून जाईन. थांबा.”

कप्प्यातला कागद त्याने काढला. इस्त्रीच्या शर्टासकट जमिनीवर आडवा झाला आणि बंपरच्या खाली हात घातला. ही गाडी मोठी, भोकंही किंचित मोठी, पण दोन क्लिपा चालल्या. तिसरी सैल होती, तिला त्याने सुतळीचाच एक वेढा देऊन बसवलं. याच गाडीवर आपण चार दिवस मनातल्या मनात जळत होतो हे त्याला बंपरखाली आठवलं आणि स्वतःची गंमत वाटली. बिचाऱ्या गाडीचा त्यात काय दोष. तिच्याही क्लिपा मोडल्याच होत्या.

“अगं बाई, हे कोण झोपले खाली?” दारातून आवाज आला. मंगेशची आई विजयाबाई बाहेर आली होती. तिच्यामागे पूनम. डोक्यावरचा पदर सांभाळत ती वाकली, बूट ओळखले आणि म्हणाली, “माहे काकाजी होय.”

विजयाबाईंनी मुलाकडे पाहिलं. त्या एका नजरेतच मंगेशचे कान लाल झाले. “व्याही दारात आले अन् तू त्यायले कामाले लावलं?”

“त्यायनं नाही लावलं, मीच लागलो,” गुणवंता बंपरखालून म्हणाला. “एकच राहिली. हे झालं.”

टक् झालं आणि तो बाहेर आला. पाठीला माती, कोपरांना काळं. मंगेशने स्वतः तांब्या आणला आणि त्याच्या हातावर पाणी ओतत राहिला. नंतर माजघरात पाट मांडला होता. विजयाबाईंनी त्याला कुंकू लावलं, खांद्यावर दुपट्टा ठेवला, आणि घरातल्या पुरुषांच्या पंगतीत पहिलं ताट त्याच्यासमोर आलं. तो जेवणारा माणूस, पण त्या दिवशी त्याला पहिला घास उचलायला वेळ लागला. पूनम वाढत होती. तिने न विचारता त्याला मीठ जास्त वाढलं.

निघताना ती मागच्या दाराकडे गेलीच नाही. पुढे बसली, बांगड्या सावरल्या, आणि बोलायला लागली. सासू तापट आहे पण वाईट नाही. घरात उठतात फार लवकर. मंगेशला पोहे करता येतात. सौसर येईपर्यंत तिने सगळ्यांची कुंडली मांडली. गुणवंता नुसता “हो” म्हणत होता. एरवी या गाडीत बोलायचं तर ओरडावं लागे, आज ती हळू बोलत होती आणि त्याला एकेक शब्द ऐकू येत होता. सौसर सुटल्यावर बोलणं तुटक होत गेलं. त्याने पाहिलं तर तिचं डोकं दाराच्या पॅडला टेकलं होतं आणि तोंड किंचित उघडं होतं. लग्नघरात चार दिवस कुणी झोपू दिलं नव्हतं, ती झोप आता आली होती.

त्याने काच थोडी वर केली, तिच्या तोंडावरचं ऊन टाळायला. मग प्रत्येक खड्डा ओळखीचा असल्यासारखा चुकवत गेला. मागून ट्रकवाले हॉर्न देत होते, त्यांना त्याने खुशाल पुढे जाऊ दिलं.

तिगावात सुरेशच्या दारी सगळं घर रस्त्यावर आलं होतं. पूनमच्या आईच्या हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या, वच्छला, रोशन, आळीतल्या बाया. गाडी थांबताच सुरेश लगबगीने पुढे आला.

गुणवंताने इंजिन बंद केलं आणि खिडकीतून तळहात बाहेर धरला. सुरेश जागीच थांबला. मग त्याला आतलं दिसलं, आणि त्याने मागे वळून सगळ्यांना हातानेच गप्प केलं.

ऊन कलत होतं. भाकरतुकडा हातात धरून आई उभी राहिली, बाया कुजबुजायच्या थांबल्या. गुणवंता एक हात स्टीअरिंगवर आणि दुसरा तसाच बाहेर धरून समोर बघत बसला. त्याने हात खाली घेईपर्यंत कुणीही दार उघडलं नाही.