फुगलेलं रबर

आमची फियाट साठ वर्षांची आणि हे, आमच्या कुंदनचे वडील, सत्तरचे. दोघांनी मिळून माझा जीव मेटाकुटीला आणलाय. श्रावणात कानबाईच्या सणाला याच गाडीतून मला माहेरी, शिरपूरला नेणार, असं ते पाच वर्षं म्हणताहेत. या वर्षी ब्रेकच गेला. चाकातलं नखाएवढं रबर फाटलं, बाकी काही नाही. पण ते मिळेल तर शपथ!

जुनं रबर खिशात घालून महिनाभर ते सुरत पालथी घालत होते. मीही मागेमागे, कारण चालून चालून त्यांना चक्कर येते. दुकानदार रबर हातात न घेताच सांगे, "काका, आ तो हवे नथी आवतुं." असलं रबर आता येतच नाही म्हणे. दुसऱ्या गाडीचं घेतलं, तर ते केसभर मोठं निघालं. कुंदन वैतागला. रविवारपर्यंत गाडी थांबायला शिकली नाही तर भंगारात, असं त्यानं बजावलं.

शेवटी कोसाडच्या गजेंद्र मिस्त्रीकडे त्या रबराची एक डबी सापडली, त्याच्याकडची शेवटची. घरी बसवताना रबर यांच्या जाड बोटांतून सारखं निसटू लागलं.

"तू बसाड," ते म्हणाले. "तुना बोटं बारीक शेतस."

तीस वर्षं आम्ही दोघं कापड गिरणीच्या लूमखात्यात, मागांवर होतो. कोरडं काही बसवायचं नाही, हे मला यांनीच शिकवलेलं. ते पाना शोधायला वळले, तेवढ्यात मी शिलाई मशीनच्या बाटलीतलं थेंबभर तेल रबराला चोळलं.

रविवारी चाकं जाम. गजेंद्रनं येऊन उघडलं, तर रबर भिजलेल्या हरभऱ्यासारखं टम्म फुगलेलं.

"धुडकूभाऊ, मशीनचं तेल कोनी लायं? ब्रेकना रबरले ते चालत नही!" त्यानं यांना विचारलं.



"मी लायं," हे म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

कुंदननं भंगारवाल्याला फोन लावायला घेतला. मी इतकी दमले होते, की एकदाची ब्याद गेली म्हणून बरं वाटायला हवं होतं. पण रडूच आलं.

"फोन ठेव," मी म्हणाले. "तेल मी लायं. तुना बाप खोटं बोली राहिना."

मग यांच्यापुढे हात केला. "ते जुनं रबर माले द्या. उद्यापाइन दुकानदारले मी दखाडसू."

महिनाभर हाताळून गुळगुळीत झालेलं ते रबर त्यांनी माझ्या मुठीत ठेवलं, आणि मूठ काही सोडली नाही.