दार लावा म्हणतात

पक्षाघातानंतर चंपतरावांची जीभ जड झाली आणि त्यांचं बोलणं कळणारं घरात एकच माणूस उरलं, त्यांची बायको रुख्मिणीबाई. तहसील कचेरीत हयातभर लोकांच्या दरख्वास्ती खणखणीत वाचून दाखवणारा माणूस आता नुसता "दा... दा..." करायचा. रुख्मिणीबाई सांगायच्या, "दार लावा म्हंतात." मग त्यांची मुलगी मैत्री उठून दार लावायची. आदिलाबादच्या भर उन्हाळ्यात. बाबा आणखीच चिडायचे.

मैत्री तलमडुगूच्या सरकारी शाळेत गणित शिकवायची. घरी आली की तिला चैन पडत नसे. बोलणं ऐकून अक्षरं लिहिणारं सॉफ्टवेअर तिनं फोनवर करून पाहिलं होतं. पण नेट गेलं की ते मुकं, आणि बाबांचं बोलणं त्याला कधी तेलुगू वाटे, कधी हिंदी. म्हणून तिनं तळहाताएवढ्या एकाच सर्किटच्या पाटीवर मावणारा कॉम्प्युटर आणि त्याला जोडायला छोटा पडदा नि माइक मागवला. नेटशिवाय चालेल असं काहीतरी त्यावर बसवायचं तिनं मनावर घेतलं.

पहिलं सॉफ्टवेअर त्या पाटीला झेपेना. मेमरी भरायची, पाटी तापायची, सगळं मध्येच बंद पडायचं. तिनं वर बारका पंखा बसवला, मग लहान सॉफ्टवेअर घेतलं. ते चाललं, पण त्याला पुस्तकी मराठीच ठाऊक. तेव्हा बाबांचीच बोली त्याला शिकवायला ती बसली. पेला, चप्पल, गोळ्या समोर धरायच्या, बाबांनी नाव घ्यायचं, तिनं रेकॉर्ड करायचं. दे, ने, नको असे रोजचे शब्दही घेतले. मग घरचे फोटो काढले. सुधाकररावांच्या फोटोवर बाबांनी बोट ठेवलं आणि "दादा, दादा" करत राहिले. रुख्मिणीबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या.

सुधाकरराव म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, भैंसा गावी राहायचे. बाबा दवाखान्यात असतानाच ते वारले. धक्का बसेल असं काही सांगू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पुढं मैत्रीनं विषय काढला तर आई म्हणाली, "ते इचारतच नाईत. काऊन सांगाव?" ते तसंच राहून गेलं.

रविवारी दुपारी तिनं शिकवलेलं सॉफ्टवेअर पाटीवर चढवलं. माइक लागेना. वायर बदलली, पाटी बंद करून पुन्हा चालू केली, तरी तेच.

"दोन घास खाऊन तं घे," आई म्हणाली.

"थांब न आई, होऊन राह्यलं."

शेवटी झालं. तिनं पाण्याचा पेला धरला, बाबा बोलले आणि पडद्यावर उमटलं: पाणी. बाबा अर्ध्या चेहऱ्यानं हसले. मग आपणहून माइककडे झुकून काहीतरी म्हणाले.

"दार लावा म्हंतात," आई दारातून म्हणाली.

सवयीनं मैत्री उठली. उठता उठता तिची नजर पडद्यावर गेली. दादाकडे ने.

"मशीन चुकलं अशीन," आई घाईनं म्हणाली.

"बाबा, पुन्ना म्हना."

ते म्हणाले. तीच अक्षरं. मग न सांगताच त्यांनी आणखी एकदा म्हटलं.

मैत्री आईकडे वळली. "आई, रोज हेच म्हनून राह्यले काय बाबा?"

"मंग काय सांगू?" पदर पिळत रुख्मिणीबाई एकदम फुटल्या. "दादा मेले म्हनून सांगू त्याईले?"

बोलून गेल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला. बाबांचे ओठ हलले. पडद्यावर भलतंच काही उमटलं, पण "कधी" हे दोघींनाही कळलं. मैत्री त्यांचा हात हातात घेऊन बसली आणि तिनं सगळं सांगितलं.

चंपतरावांनी भिंतीकडे तोंड केलं. पुढचे काही दिवस ते मैत्रीच्या हातचं जेवले, रुख्मिणीबाईंनी घास पुढं केला की ओठ मिटून घ्यायचे. मैत्री वर्गात फळ्यापुढं उभी असली तरी तिचं चित्त घरी. रोज परत आली की ती पाटी चालू करायची, वाट पाहायची, बंद करायची. अखेर एका सकाळी त्यांनीच माइक जवळ ओढला. पडद्यावर उमटलं: भैंसा.

गाडी करून तिघं गेले. पाटी पिशवीतच राहिली. सुधाकररावांच्या पत्नी गयाबाईंनी दिराला धरून आणून खाटेवर बसवलं. समोर भावाचा फोटो होता. चंपतराव पुष्कळ वेळ बोलले, मध्येच आवाज फाटायचा. गयाबाईंना काही उमगेना. त्या रुख्मिणीबाईंकडे वळल्या. "काय म्हनून राह्यले भाऊजी?"

रुख्मिणीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते त्यांच्याकडेच बघत होते. आता आई "पाणी मागतात" म्हणून सांगते की आणखी काही, म्हणून मैत्रीचा जीव टांगणीला लागला.

"म्हंतात," रुख्मिणीबाई खाली बघत म्हणाल्या, "मले दादाच्या मातीलेबी येता आलं नाई. हिनं मले समजूच देल्लं नाई."

चंपतरावांनी मान हलवली आणि पुढचं बोलू लागले.