गाठ मारेपर्यंत

घड्याळजीने प्लास्टिकची खुर्ची पुन्हा उचलली आणि सरकलेल्या सावलीत नेऊन ठेवली. बसला, आणि लगेच उठून खुर्चीच्या पायांखालची वाळू सारखी करू लागला. शेजारी गवती छत्रीखाली पालथा पडलेला बसड्रायव्हर डोळे न उघडताच म्हणाला,

“सावली काय पळून चाललीय का? बसा की जरा निवांत.”

निवांत बसणं त्याला जमत नव्हतं. दुकानात तो दिवसभर एका स्टुलावर हलायचा नाही. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर कुणाचं तरी बंद पडलेलं घड्याळ. इथे हातांना कामच नव्हतं. रिसॉर्टमध्ये एका भिंतीवरही घड्याळ नव्हतं. पाहुण्यांनी वेळ विसरावी म्हणून, असं काउंटरवरच्या मुलीने हसून सांगितलं होतं. त्यावर तो तिच्याकडे असा बघत राहिला होता, की बायकोने त्याला कोपराने ढोसलं होतं.

सहल बायकोच्या गिरणीची होती. यंदा मालकांचं कापड चांगलं खपलं, म्हणून मागखात्यातल्या बायकांना नवऱ्यांसकट समुद्रावर पाठवलं होतं. बहुतेक नवऱ्यांनी काही ना काही निमित्त काढून अंग काढून घेतलं. घड्याळजी आला, कारण त्याला बायकोकडून एक उत्तर हवं होतं.

त्याच्या थोरल्या भावाने दुसऱ्या गावच्या बाजारपेठेत दुकान घेतलं होतं आणि अर्धी जागा धाकट्यासाठी राखून ठेवली होती. त्यांच्या गावात घड्याळ दुरुस्त करून घेणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. तिथे धंदा होता. पण जायचं तर बायकोला गिरणी सोडावी लागणार. एका रात्री दिवा मालवल्यावर त्याने धीर करून तिला विचारलं होतं. ती पाठ करून झोपली होती. उत्तर आलं नाही. काही दिवसांनी पुन्हा विचारलं, तेव्हा तिने नुसतं पांघरूण ओढून घेतलं. तो काय समजायचं ते समजला आणि त्याने अबोला धरला. मीठ कमी आहे, दार लाव, एवढंच बोलणं उरलं. याला वर्ष होत आलं. त्याला डाचत होतं ते वेगळंच. त्याच्या अबोल्याचं तिला काहीच वाटत नव्हतं. ती आपली गिरणीतल्या गोष्टी मोठमोठ्याने सांगत राहायची.

आता भावाला या आठवड्यात हो की नाही ते कळवायचं होतं. कालपासून त्याचे फोन येत होते. घड्याळजीने मोबाइल बंद करून खोलीत ठेवला होता.

समोर गुडघाभर पाण्यात बायका उभ्या होत्या, चांगल्या लांब लांब पांगलेल्या, आणि तरी त्यांच्या गप्पा चालल्या होत्या. तोंडाने नव्हे, हातांनी. एकीने मनगट फिरवलं की दुसरी खो खो हसायची.

ड्रायव्हर कुशीवर वळला. त्याची बायकोही मागावरच होती, त्यामुळे त्याला थोडंफार कळत होतं. माग चालू असले की तिथे शेजारणीने कानाशी बोंब मारली तरी ऐकू जात नाही, म्हणून सगळा कारभार हातांवर चालतो, असं त्याने सांगितलं. तळवा आडवा धरला की माग बंद कर. दोन्ही हातांच्या चिमट्या एकमेकींवर घासल्या की धागा तुटलाय, गाठ मारतेय, थांब.

“आमची तर फोनवर बोलत असली आणि मी चहा मागितला, की मलाच असं करते,” ड्रायव्हरने चिमट्या घासून दाखवल्या. “गाठ होईपर्यंत गप बसायचं.”

“आणि हे?” घड्याळजीने अंगठा आणि बोट जोडून डोळ्याशी धरलं. सकाळपासून त्याने ही खूण कितीदा तरी पाहिली होती. कुणी तरी ती करायची आणि बाकीच्या त्याच्याकडे बघून हसायच्या.

ड्रायव्हरही हसला. ते मला विचारू नका म्हणाला आणि पुन्हा पालथा झाला.

बायको पाण्यातून बाहेर आली. मुकादमीण तिच्याबरोबर होती. मागखात्यातली सगळ्यांत थोराड बाई, चालायला लागली की वाळूत खड्डे पडत. दोघी वाळूत पडलेल्या एका ओंडक्यावर बसल्या. घड्याळजीने पाहिलं, त्या बसताना मुकादमीण बायकोच्या डावीकडे होती, ती उठून मागून वळसा घालून उजवीकडे येऊन बसली आणि मगच बोलायला लागली. एक वेटर शहाळी घेऊन आला. बायकोच्या डाव्या खांद्याशी वाकून त्याने काही विचारलं. बायको समुद्राकडे बघत राहिली. त्याने पुन्हा विचारलं. ती बघतच राहिली. वेटरचं हसू ओशाळलं. घड्याळजीला ते ओशाळणं ओळखीचं वाटलं.

मग मुकादमिणीने बायकोच्या कोपराला हात लावला आणि अंगठा ओठांशी नेला. बायकोने वळून पाहिलं, घाईघाईने शहाळं घेतलं, वेटरला हसून काही तरी बोलली. सगळं इतक्या सवयीने झालं, की बघणाऱ्याला वाटावं काही झालंच नाही.

घड्याळजी खुर्चीवरून उठला आणि उभाच राहिला. बायको उजव्या कुशीवर झोपते. उजवा कान उशीत, डावा वर. दिवा मालवल्यावर त्याने जे जे विचारलं, ते सगळं त्या वरच्या कानाला.

पलीकडच्या छत्रीखाली ठेवलेल्या पिशवीतला फोन वाजला म्हणून बायको उठून तिकडे गेली. फोन तिने उजव्या कानाशी धरला. तेवढ्यात घड्याळजी मुकादमिणीपाशी पोचला.

“हे कधीपासून?”

“काय, दाजी?”

त्याने आपल्या डाव्या कानाला बोट लावलं. मुकादमिणीने शहाळ्यातली नळी बराच वेळ फिरवली.

“मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “एका घरात राहून कळत नाही होय?”

मग तिनेच आवाज उतरवून सांगितलं. साहेबांना कळलं तर बायकोला मागावरून उतरवून कापडाच्या घड्या घालायला बसवतील. ते तिला सोसायचं नाही. म्हणून खात्यात सगळ्या तिला सांभाळून घेतात आणि तोंडातून अवाक्षर काढत नाहीत.

“आणि सकाळपासून माझी टिंगल चाललीय ती?” त्याने बोटं डोळ्याशी धरली.

“टिंगल कसली. ते तुमचं नाव आहे. मागावर रोज निघतं. कधी तुम्हाला ताप आलेला असतो, कधी तुम्ही कुणाचं तरी जुनं घड्याळ चालू केलेलं असतं. आम्हाला सगळं माहीत असतं.”

ती गुडघ्यांवर हात रेटून उठली आणि पाण्याकडे गेली.

घड्याळजीने परत येऊन खुर्ची उचलली. बायको छत्रीखाली बसली होती, फोन अजून हातातच. तो नेहमीसारखा तिच्या डावीकडे निघाला. जेवायला, बसमध्ये, झोपताना, तो डावीकडेच असायचा. मध्येच थांबला, मागून वळसा घातला आणि खुर्ची तिच्या उजवीकडे ठेवली, अर्धी उन्हात.

“थोरल्या भाऊजींचा फोन होता,” ती म्हणाली. “तुमचा लागत नाही म्हणे. आपण कधी येतोय, विचारत होते.” ती जरा थांबली. “कुठे जायचंय आपल्याला?”

घड्याळाच्या पोटात कचरा शोधावा तसा तो तिच्या चेहऱ्यावर लबाडी शोधत राहिला. काही नव्हतं. ज्या भांडणात तो वर्षभर होता, त्यात ती नव्हतीच.

त्याने पहिल्यापासून सांगितलं. दुकानाचं, राखून ठेवलेल्या जागेचं, गिरणी सोडावी लागेल त्याचं. आणि मग, तिने न विचारताच, अबोल्याचंही.

“वर्षभर?”

“हो.”

“मला वाटलं, वय झालं तुमचं, म्हणून बोलणं कमी झालं,” ती म्हणाली. “पाण्यात त्यांना तेच सांगत होते.”

तिला हसू आलं होतं, पण ते पुरतं आलं नाही. तिने खुर्चीकडे पाहिलं, ती कुठे ठेवली आहे ते पाहिलं आणि तिचा हात आपोआप डाव्या कानावरच्या ओल्या केसांकडे गेला.

“मुकादमीण बोलली?”

“आधी मी पाहिलं.”

तिने मान खाली घातली. पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत राहिली.

“त्या खात्यात मला ऐकू येत नाही याचं कुणाला काही वाटत नाही,” ती हळू म्हणाली. “तिथे कुणालाच ऐकू येत नाही.”



पाण्यातून मुकादमिणीने हात वर केला, तळवा हलवला, काय झालं म्हणून. बाकीच्याही बघू लागल्या. बायकोने अंगठा आणि बोट जोडून डोळ्याशी नेलं. मग दोन्ही हात वर करून चिमट्या एकमेकींवर घासल्या. सावकाश, पुन्हा पुन्हा.

घड्याळजीला ही खूण आता येत होती.

बायका एकेक करून वळल्या आणि इकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सावली सरकली होती आणि त्याची खुर्ची सगळीच्या सगळी उन्हात आली होती. त्याने ती हलवली नाही.