आवाज नको असलेलं गिऱ्हाईक

चिक्कपेठेतलं हंबीररावांचं बंदुकांचं दुकान त्यांना अर्धांगवायू झाल्यापासून त्यांची मुलगी स्मृती चालवत होती. दुरुस्त्या, लायसन्सवरची काडतुसं, कुणाच्या आजोबांची जुनी बंदूक विकून देणं, एवढाच धंदा उरला होता. शिकार बंद होऊन वीसेक वर्षं झाली होती. हंबीरराव, घरातले अप्पा, राजाजीनगरच्या घरी पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून असत. तिच्या धाकट्या भावानं, रणजीतनं, दुकानात कधी लक्ष घातलं नाही. घरामागच्या गल्लीत त्याचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात एक माणूस दुकानात आला. स्मृती आईशी फोनवर बोलत होती. तिनं फोन ठेवल्यावर तो मराठीत म्हणाला, "बरं वाटलं मराठी ऐकून. मी पुष्कर टिपणीस. मूळचा पुण्याचा. देवनहळ्ळीजवळ फार्म घेतलंय."

"बसा. काय हवंय?"

"रानडुकरांचा फार त्रास आहे. माझ्याकडे पॉइंट टू-टू रायफल आहे, लायसन्स व्हॅलिड आहे. तिला सायलेन्सर बसवून मिळेल?"

"सायलेन्सर बाळगणं गुन्हा आहे," स्मृती म्हणाली. "आणि टू-टूनं डुक्कर मरत नाही. जखमी होतं आणि अंगावर येतं. परवानगी काढून थ्री-वन-फाइव्ह रायफल वापरा, नाहीतर बारा बोअरची बंदूक."

"त्यांचा आवाज केवढा होतो."

"होऊ दे की. आवाजानंच कळप पळतो. कित्येक शेतकरी नुसते हवेत बार काढतात."

पुष्कर हसला. "शेजारी कंप्लेंट करतात हो." मग काउंटरच्या काचेवर बोट फिरवत त्यानं विचारलं, "आणि समजा डुक्कर नसेल, जरा नाजूक जनावर असेल, तर टू-टू चालेल?"

"नाजूक म्हणजे कुठलं?"

"सहज विचारलं."

भिंतीवर हंबीररावांचा तरुणपणीचा फोटो होता, हातात रायफल घेतलेला. पुष्कर त्याच्यासमोर उभा राहिला. हे कोण, आता कुठे असतात, असं त्यानं विचारलं आणि स्मृतीनं सांगूनही टाकलं, "माझे वडील. राजाजीनगरला, घरीच असतात."

तो गेल्यावर तिला त्याचं बोलणं पटेना. पिकाची राखण करणाऱ्याला आवाज हवा असतो. आवाज नको असतो तो आपण तिथं होतो हे कुणाला कळू नये म्हणून. देवनहळ्ळीला तर द्राक्षाच्या बागा. तिथल्या डुकरांबद्दल कुठलंच गिऱ्हाईक कधी बोललं नव्हतं.

पंधरा दिवसांनी, घरी येताना, तिला कोपऱ्यावरून एक मळक्या रंगाची जिप्सी वळताना दिसली. चालवणारा पुष्कर होता. त्यानं तिला पाहिलं नाही. गाडी जिथून निघाली तिथून एका बाजूला त्यांचं घर होतं, दुसऱ्या बाजूला रणजीतचं वर्कशॉप. स्मृतीच्या मनात वर्कशॉपच आलं. सायलेन्सर म्हणजे शेवटी लेथवरचं काम, आणि लेथ रणजीतकडे होता.

त्याच रविवारी आईनं, सोयराबाईंनी, मटणाचा रस्सा केला. स्मृतीनं पहिला घास खाल्ला आणि ताटाकडे पाहिलं. तंतू बारीक होते, चरबी जवळजवळ नव्हती. लहानपणी अप्पा शिकारीहून आणत ते चितळ असंच असे.

"आई, हे कुठल्या दुकानातलं?"

"काल मी भजनाहून आले तर फ्रिजमध्ये ठेवलेलं. अप्पा म्हणाले, रणजीतनं आणलं," सोयराबाई म्हणाल्या. "स्वल्प वेगळं लागतंय, नाही?"

हंबीरराव डाव्या हातानं सावकाश जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही. रणजीत त्या दिवशी कोईमतूरला गेला होता, म्हणून त्याला विचारता आलं नाही. स्मृतीनं ताट बाजूला सारलं.

सोमवारी ती वर्कशॉपमध्ये गेली. रणजीत लेथवर वाकला होता. बाकावर चार-पाच ॲल्युमिनिअमच्या नळ्या होत्या, नुकत्या घासलेल्या, वीतभर लांब. तिनं एक उचलली.

"हे कशाचं?"

"रेशीम कारखान्याची ऑर्डर आहे. रिळं बसतात त्यावर. का?"

"पुष्कर टिपणीस कोण आहे?"

"मला काय माहीत?"

"त्याची गाडी इथून जाताना मी बघितली. शनिवारी घरात मटण कुणी आणलं?"

रणजीतनं लेथ बंद केला. "कसलं मटण? अक्का, तू सरळ बोल."

ती सरळ बोलली. चितळाचं मांस, चोरून मारलेलं. त्या माणसाला बंदुकीचा आवाज दाबायची नळी हवी होती, ती मी नाही म्हटल्यावर तू करून दिलीस. रणजीत ऐकत राहिला. मग त्यानं तिच्या हातातली नळी घेतली, तिच्यासमोर धरली. "रीळ आणून लावून दाखवू? कारखान्यात फोन लावू?"

"फोनवर कुणीही काहीही सांगेल."

"सरी, बरं," तो म्हणाला. "म्हणजे काही दाखवून उपयोग नाही." त्यानं लेथ सुरू केला. ती बाहेर पडली.

गुरुवारी चिक्कपेठेत दुपारी वीज गेली. स्मृतीनं दुकान बंद केलं आणि घरी आली. फाटकासमोर जिप्सी उभी होती. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून अप्पांचा आवाज येत होता. इतका मोकळा आवाज आजारपणानंतर तिनं ऐकला नव्हता.

"...चितळाला मोठी गोळी मारणं म्हणजे मांसाची माती. आणि वेगाची गोळी असेल तर नळी लावूनही ती कडाडतेच. म्हणून तुमची टू-टूच बरी. पण जवळ जायला पाहिजे, आणि वारा तोंडावर."

टीपॉयवर अप्पांची जुनी रिकामी काडतुसं लहानमोठी लावून ठेवली होती. समोर पुष्कर बसला होता, पायाशी झाकणाचा स्टीलचा डबा. स्मृतीला पाहून तो उठला.

"तुमच्या वडिलांकडून खूप शिकायला मिळतं," तो म्हणाला.

"डबा घ्या आणि जा."

"गैरसमज होतोय तुमचा."

"नळी कुणी करून दिली?"

पुष्करनं हंबीररावांकडे पाहिलं. हंबीरराव खिडकीबाहेर बघत होते. "इथल्या शिवाजीनगरातला माझा जुना मिस्त्री," ते म्हणाले. "मी चिठ्ठी दिली होती."

पुष्कर गेला. स्मृती त्याच खुर्चीवर बसली.

"तुम्ही आईला रणजीतचं नाव सांगितलंत, अप्पा."

"दुसरं काही सुचलं नाही."

"तुम्हाला ठाऊक होतं तो कशासाठी येतो."

"पहिल्या दिवशीच कळलं." हंबीररावांनी डाव्या हातानं एक काडतूस आडवं केलं. "इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं, कुठल्या जनावराला कुठली गोळी. तुम्ही सगळे औषध घेतलं का विचारता. तो तीनतीन तास बसायचा."

तिनं ते काडतूस पुन्हा उभं केलं. राग होता, पण तो तिला नीट धरता येईना.

दुसऱ्या दिवशी ती वनखात्याच्या कृष्णमूर्तींकडे गेली. खात्याच्या बंदुका दुरुस्तीला तिच्याच दुकानात येत, त्यामुळे ओळख होती. तिनं वडिलांचं नाव आणि मिस्त्रीला दिलेली चिठ्ठी, दोन्ही सांगितलं. कृष्णमूर्ती म्हणाले, "मॅडम, हे सांगितलंत की दुकानाची चौकशी होणार." ती म्हणाली, होऊ दे.

महिन्याभरात पुष्कर सापडला. देवनहळ्ळीला त्याचं फार्म नव्हतंच. बन्नेरघट्ट्याच्या जंगलाला लागून भाड्यानं घेतलेल्या बंगल्यात रायफल, नळी आणि चितळाची कातडी मिळाली. शहरातल्या पार्ट्यांना तो मांस पुरवत होता. मिस्त्रीलाही पकडलं.

हंबीररावांचा जबाब घ्यायला अधिकारी घरी आला. त्याला त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मध्येच काडतुसं मागवून घेतली आणि कुठली कशासाठी हेही समजावलं. अधिकारी लिहायचं थांबून ऐकत बसला. वय आणि आजार बघून त्यांना साक्षीदार केलं. दुकान तीन महिने सीलबंद राहिलं. त्या काळात हंबीरराव स्मृतीशी कामापुरतंच बोलले. एकदा मात्र त्यांनी विचारलं, "त्याला जामीन मिळाला का?" ती नाही म्हणाली.

रणजीतकडे ती अप्पांच्या जबाबाच्या आदल्या दिवशीच गेली होती. मिस्त्रीचं, अप्पांनी आईला रणजीतचं नाव सांगितल्याचं, सगळं तिनं सांगितलं. "चुकले मी," म्हणाली.

रणजीतनं कापडानं हात पुसले. "अप्पांचं मी समजू शकतो. ते घाबरले होते. तू घाबरली नव्हतीस. तू ठरवून आली होतीस."

"हो."

"मग आता मी लगेच काय म्हणू?"

तो भांडला नाही. आईला भेटायला येत राहिला, अप्पांची दाढी करून देत राहिला. स्मृती खोलीत आली की मात्र काम आटोपून निघे. दसऱ्यापर्यंत दुकानाचं सील निघालं होतं. शस्त्रपूजेला तो येईल की नाही याची तिला खात्री नव्हती. तो उशिरा आला. तिनं ताट पुढं केलं, त्यानं बंदुकांना हळदकुंकू वाहिलं, आणि जाताना म्हणाला, "शटरची स्प्रिंग गेलीय. उद्या येऊन बघतो."