भोपळ्यालाही उतार पडला

शुक्रवारी वैदूबाई दोन्या उर्सुलाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. आमच्या गावात पोटाच्या कुठल्याही दुखण्याला नाव एकच, एम्पाचो, म्हणजे अन्न अडकलं. उपायही एकच, उर्सुलाची लाल फीत. रोग्यानं एक टोक पोटाशी धरायचं आणि बाईनं दुसऱ्या टोकापासून कोपर ते बोटं असं तीनदा मोजत यायचं. बोटं छातीपर्यंत गेली तर दुखणं मोठं; मग पुन्हा पुन्हा मोजायचं, बेंबीपाशी थांबली की संपलं.

त्या दिवशी समोर माझा भाऊ इलारिओ उभा होता. काही वर्षांपूर्वी त्याच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगली होती. शहरातल्या डॉक्टरांनी जांघेतून एक नळी सरकवून ती तिच्या आत अस्तरासारखी कायमची बसवली. पोटाला सुरी लागली नाही, आणि तिथंच घात झाला. "दर वर्षी तपासणी, जन्मभर," असं त्यांनी बजावलं होतं. हा दोनदा गेला आणि थांबला; तपासणीऐवजी उर्सुलाकडून मोजून घ्यायला लागला.

"पोट उघडलंच नाही, तर बरं कुणी केलं?" उर्सुला गर्दीला विचारत होती. "यंत्रं नुसती बघतात, बाळांनो. फीत ओढून काढते."

बोटं बेंबीपाशी थांबली. बायकांनी छातीवर क्रूस काढला.

"एल्सा, बघितलंस? उतरलं," इलारिओ म्हणाला.

"तुझी अक्कल उतरलीय," मी म्हणाले.

मी शाळेत विज्ञान शिकवते, गाव मला सेन्यो, म्हणजे बाई, म्हणतं, आणि माझी जीभ तिखट आहे. अंगणातला एक भोपळा उचलून मी बाकावर ठेवला, फीत त्याच्या बुडाखाली दाबली आणि मोजायला लागले. पहिल्या मोजणीत बोटं देठापर्यंत गेली, दुसऱ्या मोजणीत मध्यावर, तिसऱ्या मोजणीत बुडाशी.

"अभिनंदन. भोपळ्याचा एम्पाचो गेला," मी म्हणाले आणि मनगट वर करून दाखवलं. ते मोजताना किंचित दुमडलं की तीन मापांत चांगली वीतभर तूट येते. एवढाच चमत्कार.

लोक खूप हसले. मग एक म्हातारी म्हणाली, "सेन्यो, भोपळ्याची तर श्रद्धाही नव्हती, तरी गुण आला. मग माणसाला का येणार नाही?" भ्रमाचा भोपळा फुटतो म्हणतात. आमचा हसण्यावारी गेला आणि रांग पुन्हा लागली.

इलारिओ मात्र ओशाळून माझ्याबरोबर शहरात आला. डॉक्टरीणबाईंनी तपासून पडद्यावर दाखवलं. नळीचं वरचं टोक सुटलं होतं, रक्त अस्तराबाहेर पाझरत होतं आणि फुगवटा पहिल्यापेक्षा मोठा झाला होता.

"वेळेवर आला असतात तर वर आणखी एक नळी जोडली असती. आता ती धरायला धड जागा नाही. आणि मोठं ऑपरेशन तुमचं हृदय सोसणार नाही."

"पण दुखत तर नव्हतं," इलारिओ म्हणाला.

"गळती दुखत नाही. म्हणूनच बघावी लागते."

पुढच्या शुक्रवारी त्यानं टोपी घातली.

"कुठे निघालास?"

"उर्सुलाकडे."

"अरे, मनगट दुमडते ती. तू डोळ्यांनी पाहिलंस."

"पाहिलं ना. पण उतरलंय म्हणणारं आता तेवढं एकच माणूस उरलंय."

मीच त्याला गाडीतून सोडलं.

महिनाभरात फुगवटा फुटून तो गेला. यंत्राची नजर लागली, असं उर्सुला सांगते आणि रांग मान डोलावते. मी तिथे आता भांडायला जात नाही. तुम्हाला मात्र सांगते: पोटात अशी नळी असेल तर बरं वाटत असतानाच तपासून घ्या, दर वर्षी, न चुकता. माझ्या भावाला शेवटपर्यंत बरंच वाटत होतं.