पानावर बसलेला बाप

जयसिंगरावांनी छत्री उघडली आणि ड्रोनला मनाई करणारा फलक झाकला जाईल अशी तलावाकाठच्या खांबाला अडकवली. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता. पण तो फलक त्यांनीच वनखात्याशी भांडून लावून घेतला होता, आणि त्याच्यासमोर हे काम करायची त्यांना लाज वाटत होती.

“काकासाहेब, विनीताजींनी पाहिलं तर ड्रोन जप्त होईल,” शेजारचा यशवर्धन म्हणाला. तो लग्नांचं शूटिंग करायचा आणि आपला जुना ड्रोन घेऊन आला होता.

“घाबरतोस काय, भिया? होळकरांच्या फौजेत आमच्या पणजोबांचा घोडा आठ कोसांवरून खिंकाळला, तर अख्खी छावणी...”

“मागच्या महिन्यात चार कोस होते.”

“सराव वाढला त्याचा.”

यशवर्धन हसत ड्रोन जुळवू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी तलावातली कमळं उपटायला मशीन येणार होतं, कारण तलावाची देखभाल करणाऱ्या समितीला तिथे बोटी फिरवायच्या होत्या. जयसिंगराव सगळ्यांना सांगून दमले होते की त्या पानांवरून एक पक्षी चालतो, त्याची बायको अंडी घालून दुसऱ्या नवऱ्याकडे निघून जाते आणि हा बिचारा अंडी उबवत बसतो. पोह्यांच्या ठेल्यावर यावर इतकं हसू उसळायचं की शेवेची वाटी सांडायची. घोड्याची गोष्ट ऐकलेल्या माणसांनी ही तरी का खरी मानावी?

वनरक्षक विनीता तेवढी हसली नव्हती. तिने काठावरून दुर्बीण लावून पाहिलं होतं, पण नुसती पानं दिसली. घरटं आहे असं कळलं तर काम थांबवीन, ती म्हणाली होती, पण तुमच्या किश्श्यांवर थांबवायचं म्हटलं तर इंदूरमध्ये एक काम व्हायचं नाही. ड्रोनच्या परवानगीचा अर्ज तिने वर पाठवला होता. उत्तर आलं नव्हतं.

ड्रोन पाण्यावर गेला. यशवर्धनच्या हातातल्या पडद्यावर हिरवी पानं सरकू लागली, आणि एकदम तो दिसला. लांब वाकडी शेपटी, मानेवर सोनेरी झाक. त्याच्या पोटाखाली चार तपकिरी अंडी, घासून चकाकवल्यासारखी.

जयसिंगरावांचं तोंड उघडं राहिलं. इतकी वर्षं ते सांगत आले होते ते त्यांनी स्वतःही आजच पाहिलं.

“थोडा खाली घेतो, मग रेकॉर्डिंग करू,” यशवर्धन म्हणाला.

घरघर जवळ आली तसा पक्षी उभा राहिला. पळाला मात्र नाही. दोन्ही पंख पसरून तो अंड्यांवर वाकला आणि वर बघत राहिला.

“परत घे.”

“पुरावा तर होऊ द्या...”

“परत घे म्हणतो ना. घाबरलाय तो.”

जयसिंगरावांनी छत्री मिटली, ड्रोन काखेत घेतला, यशवर्धनला घरी पिटाळलं आणि ते एकटेच वनखात्याच्या चौकीत गेले. विनीता चहा घेत होती.

“चार अंडी आहेत. पिंपळासमोर, काठापासून बरंच आत. नर बसलाय.”

विनीता थांबली. आता पणजोबा येतील, मग घोडा. कोणीच आलं नाही.

“पुढे?”

“पुढे काही नाही. एवढंच.”

तिने कप खाली ठेवला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“अंडी काठावरून दिसत नाहीत, काकासाहेब.”

“नाही दिसत.” त्यांनी ड्रोन टेबलावर ठेवला. “मीच उडवायला लावला. गुन्हा माझ्या एकट्याच्या नावावर घ्या.”

विनीताने ड्रोन कपाटात टाकून कुलूप लावलं. मग तिने ठेकेदाराला फोन केला, आणि घरटं आहे, उद्या मशीन आणू नका म्हणून सांगितलं. कोणी पाहिलं, असं त्याने विचारलं असावं.

“भरवशाच्या माणसानं,” ती म्हणाली.

सकाळी ठेल्यावर सगळे जयसिंगरावांच्या मागे लागले. मशीन आलं कसं नाही?

जयसिंगरावांनी पोह्यांवर लिंबू पिळलं, जीरावन मसाला भुरभुरला, घसा साफ केला.

“काल संध्याकाळी पणजोबांचा घोडा खिंकाळला. सोळा कोसांवरून. ठेकेदार जो पळाला...”

सगळे खो-खो हसले. पलीकडच्या बाकावर गणवेशात विनीता जलेबी खात होती.

“हसताय काय,” ती मान वर न करता म्हणाली. “मी ऐकला ना.”