कारंज्यापाशी विचारलेला प्रश्न

बालमित्रांनो, बाजाराकडे जाणारा रस्ता जिथे वळतो, तिथे तुम्ही भराभर पावले उचलता. कुणी कपाळाला आठ्या घालतो, कुणी कानावर हात ठेवतो. त्या वळणावर एक गोल दगडी कुंड आहे. त्यात रिकामी पाकिटे आहेत, एक फुटका कप आहे आणि बोटभर धूळ आहे. ते कुंड म्हणजे मी. मी या रस्त्याचे जुने कारंजे आहे. माझ्यातले पाणी आटून बरेच दिवस झाले, पण जे पाहिले आणि ऐकले ते आटलेले नाही. घटकाभर थांबलात, तर तेवढे सांगते.

मला एका पाथरवटाने घडवले. काळ्या दगडातून त्याने माझी कड कोरली, मध्ये एक खांब उभा केला आणि खांबावर पसरट वाटी बसवली. वाटीत पाणी वर येई आणि तिथून खाली कुंडात पडे. पहिल्यांदा पाणी सोडले, तेव्हा जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाथरवटाची बायको मात्र डोळे मिटून उभी राहिली.

"अहो, हे तर कुणीतरी रागारागाने भांडी आपटतंय असं वाटतंय," ती म्हणाली.

"कारंजं बघायचं असतं," पाथरवट वैतागून म्हणाला, "ऐकायचं नसतं."

"येणारे-जाणारे बघतील आणि पुढे जातील. समोरच्या घरांतल्या माणसांना दिवसभर ऐकायचंय की!"

पाथरवट बराच वेळ पुटपुटत राहिला, पण दुसऱ्या दिवशी छिन्नी घेऊन आला. वाटीखाली त्याने उतरते दगड बसवले. आता पाणी आपटत नव्हते, दगडांवरून घसरत खाली येत होते. शेजारच्या खोलीत दोघेजण हळू आवाजात बोलत असावेत, तसा आवाज येऊ लागला. बायकोने पुन्हा डोळे मिटले आणि मान हलवली. अशा रीतीने मला माझा आवाज मिळाला.

त्या काळी हा रस्ता पायी चालणाऱ्यांचा होता. समोर एका शिंपीणबाईचे दुकान होते. तिच्या मशीनची खडखड, भाजीच्या हातगाडीच्या चाकाचा करकर आवाज, शाळेतून सुटलेल्या पोरांच्या चपलांची फटफट, हे सगळे मला ऐकू येई आणि मीही त्यांना ऐकू येई. कुणाचा आवाज कुणाला दाबत नसे. मी एक गोष्ट रोज पाहत असे. कोपऱ्यापर्यंत झपझप येणारा माणूस माझा आवाज कानी पडला की जरा सावकाश चालू लागे. त्याचे खांदे खाली येत. बरोबर कुणी असले, तर त्यांचे बोलणे हळू होई. दमलेली माणसे माझ्या कडेवर टेकत. "इथे आलं की बरं वाटतं," असे ती म्हणत. का बरे वाटते, ते कुणी शोधायला जात नसे. मला मात्र अभिमानाने फुगून जावेसे वाटे.

याच दिवसांत त्या दोघी जावा येऊ लागल्या.

थोरली जाऊ न्हाणीघरात पाय घसरून पडली होती. खुब्याचे हाड सांधले, पण तिने चालण्याचा धसका घेतला. डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितले आणि ते तिच्यापेक्षा धाकटीनेच मनावर घेतले. दोघी एकाच घरात म्हाताऱ्या झालेल्या. दोघींचे नवरे गेलेले. घर थोरलीच्या मुलाचे आणि सुनेचे होते. धाकटीला एकच लेक, ती लग्न होऊन दूर गावी राहत होती.

"जाऊबाई, अहो, मुंगी पुढे गेली की," कोपऱ्यावरून धाकटीचा आवाज येई.

"जाऊ दे तिला. तिचा खुबा मोडलेला नाही," थोरली म्हणे.

"बरं, पाण्याचा आवाज येईपर्यंत चला. मग मी तोंडातून शब्द काढणार नाही."

"तू आणि शब्द काढणार नाहीस! मग तर मी धावतच येते."

माझा आवाज ऐकू आला की थोरली खरेच दोन पावले जास्त टाकी. मग माझ्या कडेवर बसून धापा टाकत म्हणे, "पोहोचले बाई एकदाची." थोडे दिवस गेले आणि धापा थांबल्या. मग काठी नुसती हातात धरण्यापुरती उरली.

थोरलीला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. म्हणून धाकटी नेहमी तिच्या डाव्या बाजूने चाले आणि डाव्या बाजूलाच बसे. घरात टीव्ही चाले, नातवंडांचा दंगा असे. तिथे थोरलीशी बोलायचे तर ओरडावे लागे, आणि मनातले ओरडून कसे सांगणार? माझ्यापाशी धाकटी साध्या आवाजात बोले. तरुणपणी जळलेल्या आमटीचा आळ कुणी कुणावर ढकलला होता, इथपासून ते एकटेपणाची भीती कशी वाटते, इथपर्यंत सगळे त्या बोलत. एकदा थोरली म्हणाली, "अगं, इतकी वर्षं एका घरात राहिलो आणि ओळख मात्र आत्ता या रस्त्यावर होतेय." शिंपीणबाई दुकानातून हसून म्हणाली, "मग मला त्याचं भाडं द्या. वळण माझंय!"

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

मग गावाबाहेरचा मोठा रस्ता खोदला गेला आणि तिकडची वाहने या रस्त्याने वळवली. "थोड्या दिवसांची सोय आहे," असे सांगण्यात आले. मोठा रस्ता पुढे दुरुस्त झाला, पण वाहनांना या वाटेची सवय लागली होती. बसगाड्या, ट्रक, दुचाक्या, सगळे या वळणावर येऊन अडत आणि अडले की हॉर्न वाजवत. मागचा वाजवतो म्हणून पुढचा वाजवी. पुढच्याच्याही पुढे कुणी असते, हे कुणाच्या ध्यानातच येत नसे. कोपऱ्यावर मोबाइलचे दुकान निघाले. त्याने पदपथावर माणसाच्या उंचीचा स्पीकर ठेवला.

चालणारी माणसे माझ्या डोळ्यांदेखत बदलली. खांदे वर चढले. शेजारी शेजारी चालणारे एकामागे एक चालू लागले, कारण बोलता येतच नव्हते, मग बरोबर कशाला चालायचे? आया मुलांना हाताला धरून ओढू लागल्या. "आई, ते बघ," असे पोर म्हणे आणि आईला ऐकू जात नसे. तरुण मुले कानात इअरफोन घालून जात. माझ्या कडेवर कुणी बसेनासे झाले. शिंपीणबाईने आधी दुकानाची खिडकी लावून घेतली. मग एका सकाळी दारही लावले.

दुरुस्तीला आलेल्या पंपवाल्याला एका म्हाताऱ्या गृहस्थांनी गाठले. "अहो, कारंज्याचा आवाजच येत नाही हल्ली."

"जोर वाढवतो साहेब, मग येईल," पंपवाला म्हणाला.

त्याचा हेतू चांगला होता. पण जोर वाढला आणि पाणी उतरत्या दगडांवरून घसरायचे सोडून त्यांच्यावरून उडून थेट कुंडात आपटू लागले. आता गोंगाटात मीही भर घालत होते. माझा मलाच कंटाळा येई.

दोघी जावा तरीही येत होत्या. एक गोष्ट मात्र बदलली होती. दुचाक्या पदपथावर चढत, म्हणून थोरलीला धक्का लागू नये यासाठी धाकटी आता वाहनांच्या बाजूने, म्हणजे तिच्या उजव्या हाताला चाले. बसतानाही ती त्याच बाजूला बसे.

त्या दिवशी धाकटीचे लक्ष चालण्यात नव्हते. ती थोरलीच्या उजवीकडे बसली, पदराला हात पुसत राहिली आणि शेवटी म्हणाली, "जाऊबाई, लेक म्हणतेय, माझ्याकडे येऊन राहा."

"काय?"

"लेक बोलावतेय! मी जावं म्हणते. पण एकटी नाही जायची. तुम्ही चलाल का माझ्याबरोबर? तिचं घर मोठं आहे, मागे बाग आहे, आपण दोघी—"

मागे बस येऊन अडली आणि तिने लांबलचक हॉर्न दिला. त्या पाठोपाठ आणखी चार वाजले. माझे पाणी कुंडात आपटत होतेच. लेक बोलावते आणि धाकटी जायचे म्हणते, इतकेच थोरलीच्या कानावर पडले. पुढचा प्रश्न नेमका कशात बुडाला, हॉर्नमध्ये, स्पीकरमध्ये की माझ्यात, ते मला आजही कळत नाही.

थोरली क्षणभर समोर पाहत राहिली. मग हसू आणून म्हणाली, "अगं, जा की! त्यात विचारायचं काय? माझी काळजी करू नकोस. मी इथेच बरी आहे."

धाकटीचा चेहरा उतरला. थोरलीचाही उतरला होता, पण दोघी एकमेकींकडे पाहतच नव्हत्या. मला दोघींचेही ऐकू आले होते. मला तोंड असते, तर मी सगळे पाणी बंद करून तो प्रश्न पुन्हा विचारला असता.

निघण्यापूर्वी धाकटी शिंपीणबाईला भेटायला आली. शिंपीणबाई सामान बांधत होती. ती मागच्या गल्लीत दुकान हलवणार होती.

"थोरल्या बाईपण येतायत ना तुमच्याबरोबर?"

"विचारलं मी. 'मी इथेच बरी' म्हणाल्या."

"अहो, घरी निवांत विचारा पुन्हा."

"घरी कसं विचारू? सुनेला वाटेल, आम्ही काय कमी केलं म्हणून ही सासूलाही घेऊन चालली. आणि एकदा विचारून झालंय. मनधरणी तरी किती करायची?"

धाकटी गेली. त्यानंतर थोरली कधी चालायला आली नाही. कुणाबरोबर येणार होती? आणि एकटीने यायचे, तर या गोंगाटात मागून काय येते, ते तिला कळले नसते. पुढे माझे पाणी पदपथावर उडते, अशी तक्रार झाली. पंप बंद करण्यात आला आणि तो पुन्हा चालू झालाच नाही. पहिले पाकीट कुणी टाकले, ते मला माहीत आहे. त्याने इकडेतिकडे पाहून टाकले. दुसऱ्याने तसे पाहिलेही नाही.

पुष्कळ दिवसांनी थोरली पुन्हा दिसली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून सुनेबरोबर परतत होती. सुनेचा खांदा धरूनही तिला चालवत नव्हते. पावले उचलायच्या ऐवजी ती फरपटत होती. "बसू दे गं जरा," असे म्हणून ती माझ्या कडेवर टेकली. सून तिच्या डावीकडे बसली आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आई, एक विचारू? काकूंबरोबर जायला तुम्ही नाही का म्हणालात?"

"मी कधी नाही म्हटलं? मला विचारलं कुणी?"

"काल त्यांच्या लेकीचा फोन आला होता. ती म्हणाली, काकूंनी तुम्हाला विचारलं होतं. इथेच. कारंज्यापाशी."

थोरलीने सुकलेल्या कुंडाकडे पाहिले, मग वाहनांकडे पाहिले. "लाव तिला फोन," ती म्हणाली. "आत्ता लाव."

सुनेने फोन लावून तिच्या डाव्या कानाला धरला. पण हॉर्न वाजत होते, स्पीकर ओरडत होता. "काय? काय म्हणतेस? मला ऐकू येत नाही गं!" थोरली रडकुंडीला आली. शेवटी सुनेने फोन आपल्या कानाला लावला आणि तिकडचे शब्द ती सासूच्या कानात सांगू लागली.

"काकू म्हणतायत, त्यांना वाटलं, तुम्हाला त्यांचा कंटाळा आला."

"अगं वेडे!" थोरली भर रस्त्यात ओरडली. जाणारे-येणारे वळून पाहू लागले. "मला वाटलं, तूच सुटलीस एकदाची! मी आले असते! त्याच दिवशी आले असते!"

"म्हणतायत, मग आता या."

थोरलीने आपल्या पायांकडे पाहिले. रोज चालून ते कमावले होते आणि घरात बसून ते घालवले होते. लेकीचे गाव दूर, प्रवास मोठा. "आता हे पाय कुठवर नेणार?" ती पुटपुटली. सुनेने हे वाक्य पलीकडे सांगितले नाही. 'घरी गेल्यावर बोलू' एवढे सांगून तिने फोन बंद केला आणि सासूचा हात हातात घेतला.

"आई, घरी विचारलं तर मला वाईट वाटेल, म्हणून काकू घरी बोलल्या नाहीत म्हणे. वाईट वाटलं असतंच मला. पण मीच तुम्हाला गाडीत बसवून दिलं असतं."

थोरली उठली. सासू-सुना हळूहळू घराकडे निघाल्या. त्या दोघी जावा आता फोनवर बोलत असतील. पण शेजारी शेजारी चालत, घटकाभर गप्प राहून, मग एखादे वाक्य बोलायचे, ते फोनवर कसे जमणार?

मित्रांनो, माझ्यात पुन्हा पाणी सोडा, असा हट्ट मी धरणार नाही. सोडलेत, तर त्याचा जोर तेवढा बेताचा ठेवा. माझी विनवणी वेगळीच आहे. रस्त्यावरचा आवाज भिंतीसारखा दिसत नाही, म्हणून तो कुणाला अडवत नाही असे समजू नका. उद्या तुम्ही मोठे व्हाल, गाडी चालवाल, दुकान थाटाल. हॉर्नवर हात ठेवण्याआधी पुढे चालणाऱ्या माणसांकडे एकदा पाहा. त्यांतले एक माणूस मोठ्या मुश्किलीने काहीतरी विचारत असेल, आणि दुसऱ्याला 'हो' म्हणायचे असेल.